राजमणीचा दुसरा पेला

सोमवार, १२ मार्च १९७३. सकाळी साडेआठ. स्थळ : सोलापुरातल्या विणकर वस्तीतली आमची सातव्या नंबरची बालवाडी. हजर : मी, पर्यवेक्षिका, शांताबाई, मदतनीस, मुले अठ्ठावन्न, त्यांपैकी लाल खुणेची अकरा, दाराबाहेर आया-आज्या मिळून वीसेक. बालवाडीच्या शिक्षिका तापामुळे रजेवर.

माझ्या वहीत ती नोंद अशीच आहे. मला याद्या करायची सवय आहे. घरचे थट्टा करतात की ही स्वप्नेसुद्धा क्रमांक घालून बघत असेल. या अंकासाठी कामातले अनुभव लिहा, असे संपादकांनी कळवले तेव्हाही मी आधी यादीच केली. नाकात चिंचोका अडकलेला मुलगा. शेळी बरोबर असेल तरच वर्गात बसणारी मुलगी. वजनकाट्याला घाबरून लिंबाच्या झाडावर चढलेली बाई. मूल खालीच होते, चढली होती ती आई. असे चौदा विषय निघाले. मग तेरांवर काट मारली. चौदावा लिहायचा मी सहा वर्षे टाळत आले आहे.

आधी आमचे काम काय ते सांगते. संस्थेच्या तेव्हा शहरात नऊ बालवाड्या होत्या आणि दुष्काळाचे वर्ष होते. मुलांना रोज सकाळी दूध द्यायचे. दूध म्हणजे भुकटी, साय काढून घेतलेल्या दुधाची. जाड कागदी पोत्यांतून यायची. लोकांना वाटते भुकटी पाण्यात टाकली की दूध झाले. तशाने नुसत्या गाठी होतात. आधी थोड्या कोमट पाण्यात ती भज्याच्या पिठाएवढी सैल कालवायची, मग उरलेले पाणी घालत रवीने घुसळायची, उकळी आणायची आणि फडक्यातून गाळायची. अठ्ठावन्न मुलांच्या दुधाला शांताबाईचा पाऊण तास जाई.

दूध करणे सोपे. ते मुलाच्याच पोटात जाते का, हे बघणे अवघड. घरी न्यायला दिले तर त्यात घरादाराचा चहा होई. म्हणून मी नियम केला : पेला घरून आणायचा, दूध इथेच प्यायचे आणि पिऊन झाल्यावर पेला आपल्या डोक्यावर उपडा धरून दाखवायचा. केसांवर थेंब पडला तर पेला पुन्हा तोंडाला. मुलांना यात मोठी गंमत वाटे. बाकीच्या आठ बालवाड्यांनी हा नियम उचलला आणि संस्थेच्या वार्षिक अहवालात त्यावर एक परिच्छेद छापून आला. तो मी कापून वहीत चिकटवला होता.

दुसरा नियमही माझाच. ज्या मुलाचे वजन फार कमी, त्याच्या नावापुढे लाल पेन्सिलीची खूण. लाल खुणेला दोन पेले.

राजमणी लाल खुणेची होती. वय चार. आई बालम्मा दिवसभर विड्या वळायची, वडील यंत्रमागावर जायचे. बालवाडीत ने-आण करायची ती आजी नरसव्वा. पासष्टीची, वाळकी, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. घरात तेलुगू, मराठी बोलायची ती शब्द मोजून. पहिल्या दिवसापासून तिचे माझ्याशी एकच भांडण.

“बाई, पालु वद्दु. दूध नको हिला. पोट बिघडते.”

“आजी, बाकीच्या सत्तावन्न मुलांचं बिघडत नाही.”

“सत्तावन्न माझी नाहीत. माझी एक आहे.”

मी हसून सोडून दिले. आया-आज्यांच्या मनात दुधाबद्दल गैरसमज असतात, ते गोडीगुलाबीने दूर करावेत, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. मी गोडीगुलाबीने दूर करत होते.

त्या सोमवारी शांताबाई पातेले घासता घासता माझ्याजवळ सरकली. शांताबाई बार्शीकडची. पोटात बातमी ठेवणे तिला कधी जमले नाही.

“बाई, सांगू का? राजमणीचं दूध म्हातारी पिती.”

“कोण, नरसव्वा?”

“व्हय की. पोरगी पेला घिऊन भिताडाआड जाती. म्हातारी घटाघटा पिती. मग पोरगी रिकामा पेला डोक्यावर धरून हितं येती. चार-पाच म्हैनं चाललंय म्हनं, मला आजच कळलं.”

“दोन्ही पेले?”

“दोनी. पयला बी आन् दुसरा बी.”

मी भिंतीमागे गेले. नरसव्वा उकिडवी बसली होती, पेला तोंडाला लावलेला. राजमणी समोर उभी राहून तिच्याकडे बघत होती. मी पेला हिसकावून घेतला.

“नातवंडाच्या तोंडचं दूध पितेस? लाज वाटत नाही?”

माझ्या आईच्या वयाच्या बाईला मी अगंतुगं केले, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. दारातल्या बायका गोळा झाल्या. कोणी तरी म्हणाले, “तरीच म्हातारीला एवढं बळ हाय.” हशा झाला. नरसव्वाने पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, “मी पिते. ती नको प्यायला.”

यातले पहिले वाक्य मी कबुलीजबाब म्हणून वहीत लिहिले. दुसरे लिहिले नाही.

त्याच दिवशी सूचना काढली. आजीने फाटकापर्यंत यायचे, आत नाही. राजमणीने दोन्ही पेले शांताबाईच्या समोर बसून प्यायचे.

लाल खुणेच्या मुलांचे वजन दर पंधरा दिवसांनी होई. २६ मार्चला राजमणीचे वजन अर्ध्या किलोने उतरलेले निघाले. दहा-अकरा किलोच्या मुलीचे अर्धा किलो म्हणजे थोडेथोडके नव्हे. शिवाय त्या पंधरवड्यात तिला तीनदा ओसरीवरच जुलाब झाला होता. मी कारण शोधू लागले. घरी काय खातेस, असे तिला विचारले तर म्हणाली, “अंबली.” ज्वारीचे पीठ रात्री पाण्यात आंबवून सकाळी मीठ घालून शिजवलेली पातळ पेज. आंबलेले, म्हणजे शिळे, असा मी हिशेब केला. बालम्माला निरोप पाठवला की अंबली बंद करा. आणि अशक्तपणा भरून यावा म्हणून दहा वाजता तिसरा पेला सुरू केला. कार्डावर तसे लिहून खाली सही केली.

दोन दिवसांनी शांताबाई म्हणाली, “बाई, पोरगी पेला बघितला की पोट धरती.”

“होईल सवय.”

“मला आपलं वाटलं सांगावं.”

“सांगितलंत ते बरं केलंत,” मी म्हटले आणि पुढच्या पोत्याचे वजन करायला गेले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात राजमणी तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी बालम्मा आली. हाताला तंबाखूची भुकटी तशीच होती. तिने उंबरठ्याबाहेरूनच सांगितले, “मुलगी दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणाले, दूध पाजणाऱ्या बाईंना बोलवा. तिचा कागद घेऊन या म्हणाले.”

मी वजनाचे कार्ड घेऊन निघाले. खरे सांगायचे तर वाटेत मला वाटत होते की इतक्या व्यवस्थित नोंदी बघून डॉक्टरांना मदत होईल.

डॉक्टर सबनीस तरुण होते, फार बोलत नसत. राजमणी खाटेवर पडली होती. डोळे आत गेलेले, ओठ कोरडे, हाताला सलाइनची सुई. डॉक्टरांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसेना. मग त्यांनी माझे कार्ड उजेडात धरले.

“बारा मार्चला काय झालं?”

मी अभिमानाने सांगितले की आजी दूध चोरत होती, ते त्या दिवशी पकडले.

“त्याआधी किती दिवस चोरत होती?”

“चार-पाच महिने असेल.”

त्यांनी कार्ड माझ्यापुढे सरकवले. “चोरी चालू होती तोवर वजन वाढतंय, बघा. थोडं, पण वाढतंय. चोरी थांबली आणि रेघ खाली आली. इथे तिसरा पेला लिहिलाय, तिथून तर सरळ खाली.”

ती रेघ मी स्वतः पट्टी धरून काढली होती. दर पंधरा दिवसांनी ठिपका दिला होता, ठिपक्याला ठिपका जोडला होता. आणि मला ती दिसली नव्हती.

मी म्हटले, “पण दूध तर पूर्णान्न आहे.”

“ज्याला पचतं त्याला,” ते म्हणाले आणि मला प्रयोगशाळेच्या टेबलाशी घेऊन गेले. मधुमेहाच्या रोग्यांच्या लघवीतली साखर ज्या निळ्या पाण्याने तपासतात, ते त्यांनी नळीत घेतले. मुलीच्या जुलाबाचे पाणी त्यात दोन-चार थेंब घातले आणि नळी ज्योतीवर धरली. निळे पाणी हिरवे झाले, पिवळे झाले आणि शेवटी विटेच्या रंगाचे झाले.

“ही तुमच्या दुधातली साखर. जशी आत गेली तशी बाहेर आली.”

त्यांनी मला समजावून सांगितले ते असे. दुधात स्वतःची एक साखर असते. ती पचवणारा रस तान्ह्या वयात भरपूर असतो. पुढे पुष्कळांचा तो कमी होतो, काहींचा आटतोच. त्यात हगवणीने आतडे सोलवटले असेल तर आणखी कमी. मग ती साखर आतड्यात आंबते, वारा धरते, अंगातले पाणी ओढून घेते आणि मूल आतून वाळत जाते. साय काढलेल्या भुकटीत या साखरेचा भाग जास्तच. एखादा पेला पुष्कळ मुलांना चालून जातो, पोट गुडगुडते एवढेच. आधीच खंगलेल्या मुलाला रिकाम्या पोटी दोन पेले, तीन पेले चालत नाहीत.

“म्हणजे मी जितकी अशक्त मुलं, तितकं त्यांना जास्त—”

“बाई, बसा आधी,” ते म्हणाले. 

“वाचेल ना?”

“आज सांगता येत नाही. दूध थेंबभरही नको. परवा विचारा.”

बाहेर पायरीवर नरसव्वा बसली होती. मी तिच्याशेजारी बसले. मनात जे होते तेच विचारले.

“आजी, तिला नको होतं तर ते ओतून का नाही दिलंत?”

“दुष्काळात अन्न ओतायचं?” ती माझ्याकडे बघून म्हणाली.

“मग तुम्हाला तरी पचत होतं का?”

ती तोंडाचे बोळके उघडून हसली. “मला? मी पण तशीच. माझी आई पण तशीच होती. मी दोन पेले पिऊन घरी जायची, मग दुपारभर संडासाच्या रांगेत. बायका विचारायच्या, नरसव्वा, इथंच खोली घेतली काय?”

“मग प्यायच्या कशाला रोज?”

“पेला उपडा दाखवायचा ना, बाई. तुमचा नियम.”

पाच महिने. रोज दोन पेले.  नरसव्वानेच आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणले.

परवा म्हटलेला दिवस आला. जुलाब थांबले होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी राजमणीने भाताची पेज मागितली आणि तिसऱ्या दिवशी अंबली. अंबली बंद करण्याची माझी सूचना मी डॉक्टरांना सांगितली. त्यांनी नरसव्वाच्या भांड्यातली वाटीभर अंबली स्वतः पिऊन पाहिली, आणखी अर्धी वाटी घेतली आणि म्हणाले, “हीच चालू ठेवायला हवी होती.”

पण नुसत्या अंबलीवर मूल भरत नाही. दुधाच्या ताकदीचे दुसरे काही तरी हवे होते आणि ते सोलापुरात सहज मिळणारे हवे होते. डॉक्टरांनी शेंगदाण्याचे दूध सुचवले. ते करायचे कसे, हे त्यांना माहीत नव्हते, मला नव्हते, कोणालाच नव्हते. मी, शांताबाई आणि नरसव्वा अशा तिघी कामाला लागलो. वहीत प्रयोगांचे पान आहे. पहिला प्रयोग : कच्चे दाणे वाटून गाळले. उग्र वास. शांताबाईचा शेरा, “बाई, ह्ये दूध म्हनून दिलं तर वस्तीतनं हाकलत्याल आपल्याला.” दुसरा : दाणे खमंग भाजले. रंग चहाचा, वर तेल. तिसरा : दाणे नुसते शेकवले, साले काढली, काळे-बुरसटलेले दाणे वेचून टाकले, रात्रभर भिजवून रगड्यावर गंधासारखे वाटले, फडक्यातून पिळले, उकळी आणून गूळ आणि चिमूटभर वेलदोडा घातला. हे जमले. चोथा फेकायला निघाले तर नरसव्वाने माझा हात धरला. त्यात तिखट, लसूण, मीठ घालून तिने कुटले. ती चटणी भाकरीबरोबर आम्ही तिघींनी तिथेच संपवली.

सोयाबीनचे पीठही आणून पाहिले. मुलांनी त्याला ‘औषध’ असे नाव दिले, म्हणून सोडले. महिन्याने डॉक्टरांच्या परवानगीने दह्याचा एक चमचा, मग ताक. विरजणात दुधातली थोडी साखर संपून जाते, म्हणून ते सोसते, असे त्यांनी सांगितले. राजमणीला सोसले. पण त्या पहिल्या दिवशी शेंगदाण्याच्या दुधाचा पेला हातात घेऊन ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर मी विसरलेले नाही. अव्वाने, म्हणजे आजीने, आधी एक घोट घेतला, तेव्हा कुठे तिने पेला तोंडाला लावला.

राजमणी दवाखान्यातून घरी आली, त्याच्या पुढच्या सोमवारी मी त्याच दारात, त्याच बायकांसमोर उभी राहिले आणि म्हणाले की नरसव्वा आजींनी चोरी केली नव्हती, चूक माझी होती, त्यांची नात त्यांच्यामुळे पाच महिने टिकली.

नरसव्वा म्हणाली, “मोठ्याने बोला. मागच्यांना ऐकू गेलं नाही.”

मी पुन्हा सगळे मोठ्याने सांगितले. मग ती म्हणाली, “आता गेलं.”

संस्थेला पटवायला मात्र तीन बैठका लागल्या. अध्यक्ष भले माणूस होते, पण त्यांना हे काही पचेना. “लोक दुधासाठी रांगा लावतात आणि तुम्ही दूध नको असलेली मुलं शोधून काढताय?” मी कार्ड पुढे ठेवले. शेवटी दोन गोष्टी मान्य झाल्या. कार्डावर ‘दूध सोसते का’ हा रकाना आला आणि लाल खुणेचा दुसरा पेला बंद होऊन त्या जागी दाण्याचे दूध आले. उपड्या पेल्याचा नियम मी कोणाला न विचारता रद्द केला.

राजमणी आता दहा वर्षांची आहे. शाळेत जाते. रस्त्यात भेटली तर ओळखते, आणि अजून माझ्या हातातली पिशवी आधी नीट निरखून बघते.

इथे लेख संपवायला हरकत नव्हती. पण त्या मे महिन्यात मी मागच्या वर्षीची हजेरीपुस्तके काढून बसले. राजमणीला आजी होती. ज्यांना नव्हती त्यांचे काय झाले, हे मला बघायचे होते. लाल खुणेची सात नावे मधेच कमी केलेली निघाली. वजन दोन-तीन वेळा उतरलेले, मग गैरहजेरी, मग नावावर आडवी रेघ. कारणाच्या रकान्यात माझे अक्षर : ‘अनियमित’. ‘पालक बेफिकीर’. ‘समजावूनही फरक नाही’.

सात नावांची यादी करून मी घरे शोधत फिरले. सहा सापडली. पाच मुले धडधाकट होती. एका आईला मी भीत भीत विचारले की मुलीचे नाव का काढून घेतले. ती भाकऱ्या थापत होती, मान वर न करता म्हणाली, “तुमच्या दुधापायी की. सोडलं आन् बरी झाली.” सहावा मुलगा फारच खंगला होता. त्याला डॉक्टरांकडे नेले. तो सावरला.

सातवे नाव सखू. वय तीन. वजनाच्या तीन नोंदी, तिन्ही उतरत्या. शेरा ‘पालक बेफिकीर’. दुष्काळात कामासाठी शहरात आलेले कुटुंब, केम गावाकडचे. ज्या पत्र्याच्या खोलीत ते राहायचे तिथल्या शेजारणीने सांगितले, “गेली की ती मानसं गावाकडं. पोरगी लई वाळली हुती. आईनं कडंवर घेतली हुती.”

“जिवंत होती ना?”

“जाताना हुती.”

हजेरीपुस्तकात वडिलांचे नुसते नाव आहे, पांडुरंग. आडनाव नाही, गावाच्या जागी ‘केम’ एवढेच. ते लिहून घ्यायचे काम माझे होते. मी दोनदा केमला जाऊन आले. स्टेशनात विचारले, शाळेत विचारले. पांडुरंग पुष्कळ निघाले, सखूचा एकही नाही. शाळेच्या गुरुजींनी आसपासच्या वस्त्यांची नावे सांगितली, ती मी लिहून घेतली. आठ आहेत. पाचांना जाऊन आले. तीन बाकी आहेत. तिकडे जायला मला वेळ नव्हता, असे म्हणता येणार नाही. सहा वर्षे झाली. सखू आता नऊ-दहा वर्षांची असेल.

तीन वस्त्या बाकी आहेत.